डिसेंबरची मुलं

जून 2025 मध्ये पहिलीत गेलेली दोन मुलं एकाच बाकावर बसली आहेत असं समजा. एकाचा जन्म जानेवारी 2019 चा, दुसऱ्याचा डिसेंबर 2019 चा. दोघंही नियमात बसतात, कारण राज्य सरकारने 2020 मध्ये शाळाप्रवेशासाठी वय मोजण्याची तारीख 31 डिसेंबर केली. त्या दिवसापर्यंत सहा वर्षं पूर्ण होणार असतील तर पहिलीत प्रवेश मिळतो. शाळा उघडली तेव्हा थोरला साडेसहाला टेकलेला होता आणि धाकटा जेमतेम साडेपाचचा. चाळिशीतल्या दोघांमधलं वर्षभराचं अंतर कुणाच्या खिजगणतीतही नसतं. साडेपाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र ते त्याच्या आजवरच्या आयुष्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा असतं. बाई फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगतात. थोरला मान खाली घालून लिहू लागतो. धाकटा दोन ओळी लिहितो, खोडरबर पाडतो, ते शोधायला बाकाखाली शिरतो आणि वर येतो तो शेजारच्याच्या कंपासपेटीत हात घालतच. दिवाळीच्या सुमारास पालकसभा होते. ‘एका जागी बसत नाही, लक्ष देत नाही, एकदा कुणाला तरी दाखवून घ्या’ हे ऐकायची पाळी या दोघांपैकी कुणाच्या आईवर येईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. लहान मुलांत अवधानन्यूनता आणि अतिचंचलतेचं, म्हणजे एडीएचडीचं, निदान गरजेपेक्षा जास्त होतंय का आणि औषधं नको तितकी दिली जातायत का, या जगभर चाललेल्या वादाकडे या बाकावरून बघितलं तर तो बराच स्पष्ट दिसतो.

धाकट्याबद्दलच्या या शंकेला मोठ्या आकड्यांचा आधार आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातही शाळाप्रवेशाची सीमारेषा 31 डिसेंबरच आहे. तिथल्या 9,37,943 मुलांच्या नोंदी तपासणारा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच वर्षी जन्मलेल्या मुलग्यांत जानेवारीतल्यांपेक्षा डिसेंबरमधल्यांना एडीएचडीचं निदान होण्याची शक्यता 30 टक्क्यांनी जास्त निघाली, औषध सुरू होण्याची 41 टक्क्यांनी. मुलींत हे आकडे 70 आणि 77 टक्के होते. अमेरिकेतल्या 2018 च्या अभ्यासात तोच प्रकार दिसला. ज्या राज्यांत सीमारेषा 1 सप्टेंबर आहे तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या, दर 10,000 मुलांमागे 85.1 जणांना हे निदान मिळालं होतं. सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत मोठ्या असलेल्या, मुलांत 63.6 जणांना. जिथे ही तारीख लागू नव्हती तिथे ऑगस्ट-सप्टेंबरचा फरकही नव्हता. मेंदूतला दोष काही प्रवेशाची तारीख बघून येत नाही. म्हणजे या जास्तीच्या निदानांपैकी काही तरी निव्वळ वयाने लहान असण्याची होती. डेन्मार्कमध्ये मात्र असा फरक जवळजवळ आढळला नाही. तिथे तयारी न झालेल्या मुलाला वर्षभर उशिरा शाळेत घालण्याची पद्धत रुळलेली आहे आणि निदान तज्ज्ञांकडूनच होतं. हा तपशील पुढे आपल्या कामाचा आहे.

एवढ्यावरून ‘एडीएचडी म्हणजे सगळं थोतांड’ असं म्हणणं घाईचं ठरेल. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांचा गोषवारा असा, की या लक्षणांत माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला सुमारे तीन-चतुर्थांश आनुवंशिकतेतून येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने 2007 मध्ये मुलांच्या मेंदूची छायाचित्रं वर्षानुवर्षं घेऊन दाखवलं, की मेंदूच्या बाह्यस्तराची जाडी वाढीचा जो टप्पा इतर मुलांत साधारण साडेसातव्या वर्षी गाठते, तो या मुलांत साडेदहाव्या वर्षी येतो. डेन्मार्कमधल्या सुमारे 19 लाख लोकांच्या 2015 च्या अभ्यासात एडीएचडी असलेल्यांचा मृत्युदर इतरांच्या दुप्पट निघाला आणि त्यात अपघातांचा वाटा मोठा होता. रस्ता ओलांडताना न थांबणारं, गॅसजवळ हात घालणारं मूल आईबापांच्या जिवाला घोर लावतं, तो घोर खोटा नसतो. तेव्हा आजार खरा आहे आणि चुकीचं निदानही खरं आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात हे कळायला निदान होतं कसं, ते जवळून पाहावं लागतं.

मधुमेहाला रक्तातली साखर असते, हाड मोडलं तर एक्स-रे असतो. इथे तसं काही नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या निकषांत लक्ष न लागण्याची नऊ आणि चंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणं आहेत. मुलांत त्यांपैकी एका गटातली किमान सहा लक्षणं सहा महिने टिकलेली असावी लागतात, बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी जाणवावी लागतात आणि त्यांनी मुलाचं खरोखर काही अडलेलं असावं लागतं. पालक आणि शिक्षकांना दिली जाणारी प्रश्नावली हातात घेतली, की त्यातल्या जवळपास प्रत्येक वाक्यात ‘बऱ्याचदा’ हा शब्द भेटतो. बऱ्याचदा वस्तू हरवतो. बऱ्याचदा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो. बऱ्याचदा म्हणजे आठवड्यातून दोनदा की दिवसातून दहादा, हे भरणाऱ्याने ठरवायचं, आणि ते ठरवताना त्याच्या डोळ्यासमोर मोजमाप म्हणून शेजारच्या बाकावरचं मूल असतं. कोइम्बतूरच्या चार शाळांत पालक-शिक्षकांच्या प्रश्नावलीवर आधारलेल्या 2013 च्या पाहणीत 11.32 टक्के मुलं एडीएचडीची निघाली, तर जगभरच्या अभ्यासांची 2007 मध्ये घातलेली सरासरी 5.29 टक्के होती. एवढा फरक मुलांमुळे पडतो त्यापेक्षा मोजण्याच्या रीतीमुळे जास्त पडतो. प्रश्नावली ही गाळणी आहे. तिच्यात जे अडकलं त्याची पुढे नीट पारख व्हायची असते. पारख न करता गाळणीलाच निदान मानलं की धाकटा फसतो. आणि पारख करणाऱ्यापर्यंत जे मूल पोचतच नाही, त्याचा खरा आजार वर्षानुवर्षं लपून राहतो. अतिनिदान आणि अल्पनिदान या एकमेकींविरुद्धच्या चुका वाटतात, पण दोन्ही एकाच कमतरतेतून जन्मतात: मुलाला बघायला दिलेला वेळ तोकडा पडतो. एकाच शहरात, एकाच बसमार्गावर त्या दोन्ही शेजारी शेजारी राहू शकतात.

मुंबईच्या पश्चिम उपनगरात हे अंतर बसने मोजता येतं. मालाड स्टेशनच्या परिसरात ऑक्युपेशनल थेरपी, समुपदेशन, स्पीच थेरपी यांच्या पाट्या दिसतात. पैसे मोजायची तयारी असेल तर भेट लवकर मिळते. त्याच स्टेशनवरून सुटणारी 271 नंबरची बस मालवणी, आक्सा, एरंगळ करत मढच्या जेट्टीला येते. मढ किंवा भाटीच्या कोळीवाड्यातल्या आईला मुलाला महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात नेऊन तपासायचं असेल, तर बस, मग पश्चिम रेल्वेची लोकल, दादरला गाडी बदलून सायन, असा प्रवास पदरी येतो. तोही एकदा करून भागत नाही. बालरोगतज्ज्ञ, कान-डोळ्यांची तपासणी, बुद्ध्यांकाची चाचणी, लेखन-वाचनाची चाचणी, मानसोपचारतज्ज्ञ अशा वेगवेगळ्या खेपा होतात आणि मासळी विकणाऱ्या बाईसाठी प्रत्येक खेप म्हणजे बाजारात न बसलेला एक दिवस. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. शाळा उघडते ती नेमकी याच तंगीच्या दिवसांत. अशा घरातल्या मुलाच्या बाबतीत ‘आमच्यात पोरं अशीच’ म्हणून विषय मिटवणं सोपं पडतं, आणि पुढे तो नापास होत गेला की त्याला बोटीवर न्यायचं ठरतं. एका टोकाला एका भेटीत चिकटलेलं लेबल, दुसऱ्या टोकाला कधीच न झालेली तपासणी. अतिनिदानाचा पुरावा शोधणाऱ्याला पहिलं टोक दिसतं आणि अल्पनिदानाची काळजी वाहणाऱ्याला दुसरं.

दुसऱ्या टोकाची साक्ष मुंबईतच आहे. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या अध्ययन अक्षमता केंद्रात डॉ. सुनील करंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी दोन्ही असलेल्या मुलांचा अभ्यास 2007 मध्ये मांडला. लक्षणं दिसू लागणं आणि निदान होणं यांच्यात या मुलांची शाळेतली कित्येक मोलाची वर्षं निघून गेली होती. तोवर ती ‘आळशी’ आणि ‘बेजबाबदार’ म्हणून बोलणी खात वरच्या इयत्तांत सरकली होती. मुलींचं तर आणखी अवघड. जी मुलगी बाकावरून उठत नाही, पण खिडकीबाहेर बघत बसते, तिचा वर्गाला त्रास नसतो, म्हणून तिच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. देशपातळीवर चित्र वेगळं नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 12 राज्यं होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता. पण जिथे पाहणी झाली तिथे मानसिक आजार असलेल्यांपैकी बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. अशा देशात ‘सगळ्यांना गोळ्या चारताहेत’ ही अमेरिकेतली ओरड जशीच्या तशी उचलली तर ती भलत्याच रोग्याला लागू होते.

अमेरिकेत ही ओरड का झाली, हेही समजून घेण्यासारखं आहे. तिथे 2022 च्या पाहणीनुसार 3 ते 17 वयोगटातल्या 11.4 टक्के मुलांना, म्हणजे सुमारे 70 लाखांना, कधी ना कधी हे निदान मिळालेलं होतं आणि सध्या एडीएचडी असलेल्यांतली निम्म्याहून थोडी जास्त मुलं औषधावर होती. स्टीफन हिनशॉ आणि रिचर्ड शेफलर या दोन अभ्यासकांनी 2014 च्या पुस्तकात दाखवलं, की परीक्षांच्या निकालावर शाळांचा निधी आणि नाव अवलंबून ठेवणारे कायदे ज्या राज्यांत लागू झाले, तिथे निदानं, विशेषतः गरीब घरांतल्या मुलांत, भराभर वाढली. म्हणजे निदानामागे कुणाला काय मिळतं, यावर त्याची संख्या हलते. शिक्षकांसाठीची प्रश्नावली ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या कीथ कॉनर्स यांनीच आयुष्याच्या उत्तरार्धात या वाढीवर जाहीर टीका केली होती. आपल्याकडेही अशी ओढ निर्माण करणारी व्यवस्था आहे, फक्त ती औषधाकडे न जाता प्रमाणपत्राकडे जाते. महाराष्ट्राने 1996 मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ, लेखनिक, काही विषयांत सूट. हा निर्णय गरजू मुलांसाठी वरदान होता आणि आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत जागा दिली. एडीएचडीला तशी स्वतंत्र जागा नाही. परिणाम असा होतो, की नववी-दहावीच्या तोंडावर तपासणीची धावपळ होते आणि पहिली-दुसरीत, जिथे मदतीने खरा फरक पडला असता, तिथे कुणालाच घाई नसते.

औषधांचा मुद्दा यात सर्वांत तापलेला. मिथाइलफेनिडेट हे मुख्य औषध 1944 मध्ये सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझ्झोन या रसायनशास्त्रज्ञाने तयार केलं आणि पत्नी रीटाच्या नावावरून त्याला रिटालिन हे नाव पडलं. ते थोडक्या काळात काम करतं, याबद्दल फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो पुढच्या वर्षांचा. या विषयावरचा सर्वांत गाजलेला प्रयोग 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सात ते जवळपास दहा वयाच्या 579 मुलांचे चार गट 14 महिने पाहिले गेले. काटेकोर औषधोपचार मिळालेल्या मुलांची चंचलता जास्त कमी झाली आणि अवधान जास्त सुधारलं. तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा गटांमधला हा फरक पुसला गेला होता. औषधविरोधक हे शेवटचं वाक्य उचलतात आणि समर्थक आधीचं. त्या प्रयोगातली तिसरी गोष्ट मात्र दोघांच्याही हातून सुटते. चौथ्या गटातली मुलं गावातल्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच जात होती आणि त्यांच्यातल्याही सुमारे दोन-तृतीयांश मुलांना औषध मिळत होतं. तरी ती मागे पडली. प्रयोगातल्या डॉक्टरांनी मुलाला दर महिन्याला अर्धा तास भेटून मात्रा जुळवली होती, बाहेरच्या डॉक्टरांची गाठ वर्षातून एक-दोनदा पडत होती. गोळी साधारण तीच, तिच्यामागचा वेळ वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 आणि 2021 मध्ये मिथाइलफेनिडेटला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घ्यायला नकार दिला तो दीर्घकालीन फायद्याचा पुरावा अपुरा वाटल्यामुळे. दीर्घकाळचा हिशेब सोपा नाहीच: भूक मंदावते, झोप उशिरा लागते, उंचीत काही अंशी घट दिसू शकते. म्हणून औषध सुरू करताना ते कधी आणि कशावरून थांबवायचं, हेही ठरलेलं असायला हवं.

आपल्याकडे हे औषध सहजासहजी हाती लागत नाही. मिथाइलफेनिडेट औषधविक्रीच्या नियमांतल्या परिशिष्ट ‘एक्स’मध्ये येतं, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक विक्रेत्याने दोन वर्षं जपून ठेवायची असते आणि हे औषध ठेवायला वेगळा परवाना लागतो. शिवाय 1985 च्या अमली पदार्थ कायद्याची नजर त्यावर असते. एवढ्या कुंपणामुळे अमेरिकेसारखं सरसकट औषधीकरण इथे अवघड आहे. पण कुंपण गरजू मुलालाही अडवतं. ज्या बापाला मढहून निघून तीन-चार दुकानं पालथी घालावी लागतात, त्याच्या मुलाचं औषध दुसऱ्या महिन्यात बंद पडलं तर नवल नाही. दुसरीकडे मुलाला सुस्त करणारी इतर काही औषधं साध्या चिठ्ठीवर मिळतात. कायद्याने चांगला अभ्यासलेला दरवाजा बंद केला आणि कमी अभ्यासलेला किलकिला ठेवला, असं व्हायला नको.

आता आक्षेप. पहिला जुन्याजाणत्यांचा: वांड पोरं पूर्वीही होती, दोन रट्टे दिले की सुतासारखी सरळ व्हायची. होती हे खरं. पण सरळ झाली म्हणजे काय, तर बरीचशी शाळेतून गेली. तेव्हा सातवीतून बाहेर पडलेल्या मुलाला गिरणीत, गोदीत, बोटीवर काम मिळत असे, त्यामुळे त्याचं अडलेलं कुणाला दिसत नव्हतं. आज दहावी नसलेल्याचं सगळ्याच ठिकाणी अडतं. दुसरा आक्षेप घरचा: मोबाईलवर, क्रिकेटमध्ये, जाळं सोडवताना तासनतास रमतो, मग लक्ष नाही कसं म्हणता? खरं तर एडीएचडीमध्ये अवधान संपलेलं नसतं, ते हवं तिथे वळवण्याची आणि कंटाळवाण्या कामावर धरून ठेवण्याची ताकद कमी असते. लगेच बक्षीस देणाऱ्या गोष्टीत ते मूल बुडून जाऊ शकतं. उलट, सगळीकडे नीट वागून फक्त एका बाईंच्या तासालाच जे दंगा करतं, त्याच्या बाबतीत आधी त्या तासाची चौकशी करावी. दोन ठिकाणांची अट त्यासाठीच आहे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आणि तो डॉक्टरांचा: आधीच आपल्याकडे कुणी यायला तयार नाही, त्यात अतिनिदानाची भीती घातली तर खरे रुग्णही घरी बसतील. ही भीती रास्त आहे. पण चुकीच्या निदानाने विश्वास जास्त उडतो. डिसेंबरच्या मुलाला वर्षभर गोळी देऊन ते वयाने आपोआप सावरलं, तर कोळीवाड्यात काय, सोसायटीत काय, बातमी हीच पसरते की डॉक्टर उगाच औषधं देतात. आणि त्याच जिन्यातलं खरंच गरज असलेलं मूल तपासणीला जायचं राहतं. काळजीपूर्वक केलेलं निदान हीच उपचारांची जाहिरात असते.

काळजीपूर्वक म्हणजे काय, हे गूढ नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचं या आजारावरचं सहमतीपत्र 2017 मध्ये आलं. ब्रिटनच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत पाच वर्षांखाली औषधाआधी पालकांना प्रशिक्षण आणि मोठ्या मुलांतही आधी घर-वर्गातले बदल सांगितले आहेत. रोजच्या व्यवहारात याचा अर्थ प्रश्नांचा क्रम. मूल वर्गात सर्वांत लहान आहे का? त्याला नीट ऐकू येतं का, फळा दिसतो का? रात्री घोरतं का, तोंड उघडं टाकून झोपतं का? ॲडिनॉइड वाढल्याने झोप मोडलेलं मूल दिवसा पेंगण्याऐवजी भिरभिरतं. त्याच्या अंगात रक्त किती आहे? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 68.9 टक्के मुलं रक्तक्षयी होती. घरात कुणी दारू पितं का, मारतं का? वाचता न आल्यामुळे तर ते वर्गात इकडे-तिकडे बघत नाही ना? हे सगळं विचारून झाल्यावर जे उरतं, त्यावर प्रश्नावली लावायची. यातले बरेचसे प्रश्न शाळेतल्या बाई आणि आरोग्यसेविका विचारू शकतात. तज्ज्ञ लागतो तो शेवटच्या टप्प्याला. त्यासाठी यंत्रणाही कागदावर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशभरातली सुरुवात 2013 मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधून झाली आणि त्यात तपासायच्या 30 दोष-आजारांत एडीएचडीही आहे. सरकारी शाळेत वर्षातून एकदा येणाऱ्या पथकाला शेकडो मुलांचे दात, डोळे, वजन बघून त्यांचं अवधानही जोखायचं असतं. तिथेही तुटवडा पुन्हा वेळेचाच.

म्हणून पहिली सुधारणा जवळपास फुकटात होण्यासारखी आहे. शाळेतून ‘दाखवून घ्या’ म्हणून जाणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीवर आणि रुग्णालयाच्या प्रत्येक प्रश्नावलीवर मुलाच्या नावाखाली जन्मतारीख असतेच. तिच्या शेजारी एक रकाना वाढवावा: वर्गात वयाने कितवा. सायन, केईएम, नायर या रुग्णालयांच्या नोंदींतून दहा वर्षांच्या जन्मतारखा महिन्यांप्रमाणे लावल्या, तर मुंबईत डिसेंबरची मुलं जास्त येतात का, हे एका उन्हाळी सुटीत कळेल. येत असतील, तर त्यांच्यासाठी पहिला उपचार ठरलेला आहे: वर्षभर थांबणं. आणि बाकावरचा तो थोरला, जानेवारीचा, साडेसहाचा होऊनही जर घरी, वर्गात, रस्त्यावर कुठेच थांबत नसेल, तर त्याच्या बाबतीत एक दिवसही थांबायचं कारण उरत नाही.